थ्री फेज डीबी बदलून ८ महिने झाले, कसा चाललाय

फेब्रुवारीत घरातला डीबी (सगळे एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच असतात तो बोर्ड) बदलला, तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊदे. कनेक्शन थ्री फेज, म्हणजे आर, वाय आणि बी अशा तीन लाईन असूनही रोज सकाळी मेन एमसीबी पडायची. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला तर आर फेजवर ३६ अँपिअर, वायवर ३, बीवर २!! ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३, दुसरा २ किलोवॅटचा ९, इंडक्शन ९, पाण्याची मोटर ५, सगळं एकाच फेजवर आणि मेन २५ची. पहिला वायरमन म्हणाला ४०ची टाकू, विषय संपला. अरे पण एमसीबी वायर वाचवायला असते ना, मेन पडली नसती, केबल तापली असती.

दुसऱ्या दादांनी डीबी उघडायच्या आधी आईला विचारलं, सकाळी सहा ते आठ काय काय एकदम चालू असतं? मला वाटायचं प्रत्येक फेजवर सारख्या एमसीबी आल्या की झालं बॅलन्स, तसं नसतं. आता इन्स्टंट गिझर आरवर, दुसरा गिझर आणि मोटर वायवर, इंडक्शन आणि फ्रिज बीवर. सकाळी १४, १५, ११ दिसतं आणि न्यूट्रलला (तिन्ही फेजची परतीची वायर) जेमतेम साडेतीन, आधी न्यूट्रलमधून ३३ जात होते. रात्री एकच एसी असला की न्यूट्रलला ७ दिसतात, त्याने काही बिघडत नाही.

पीपीआय डीबी घेतलाय, म्हणजे प्रत्येक फेजला वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की पडणारा स्विच) आणि वेगळी न्यूट्रल पट्टी. पहिल्याच रात्री जिन्यातला दिवा लावला की वायचा पडायचा, दोन तास डोकं खाल्लं. शेवटी कळलं की दिव्याचा फेज वायचा आणि न्यूट्रल कुणीतरी बीचा ओढलेला, जुन्या घरात हे सर्रास असतं. जुलैमध्ये गेटच्या दिव्यात पाणी गेलं तेव्हा फक्त आर बंद झाला, फ्रिज चालू राहिला, तेव्हा पैसे वसूल वाटले (माल मजुरी धरून १७ हजार गेले).

तीन महिन्यांनी दादांनी येऊन सगळे स्क्रू परत आवळले, गिझरचा अर्धा फेरा फिरला. न्यूट्रलचा तर मुद्दाम बघून घ्या, थ्री फेजला मेन न्यूट्रल सुटला तर कमी लोडच्या फेजवर २३०च्या जागी ४००च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं, टीव्ही फ्रिज गेलेच समजा. आणि स्वतः हात घालू नका, मेन बंद केली तरी तिच्या वरच्या टर्मिनलला करंट असतोच.

तक्रार एकच आणि ती आईची. फेज सिलेक्टर काढून टाकला, कारण एक फेज गेला की आम्ही सगळं उरलेल्या फेजवर फिरवायचो आणि तसंच विसरायचो, तिथूनच तर ३६ झाले होते. आता बी गेला की इंडक्शन बंद, मग गॅस. इन्व्हर्टरचा न्यूट्रल अजून वेगळा करायचाय, दिवाळीआधी येतो म्हणालेत दादा.