रानात रेंज नसताना कार्ड मशीन किती कामाचं? सोलापूरकडचा अनुभव

आधीच सांगतो, मशीन वाईट नाहीये. दुकानात टेबलावर ठेवलं तर झकास चालतंय, चार्जिंग दिवसभर टिकतं, पावती काळीभोर निघते, दोन सिम बसतात, वायफाय पण आहे. पण मी ते दुकानासाठी घेतलंच नव्हतं. आमचं काम बोअरच्या मोटरचं, म्हणजे जळालेली मोटर काढायची, वाइंडिंग करून परत सोडायची, केबल, पाइप, स्टार्टर, पॅनेल सगळं, आणि गिऱ्हाईक दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, थोडं मोहोळकडं. बिल दहा-पंधरा हजारापासून पन्नास-साठ हजारापर्यंत जातं आणि ते होतं कुठं, तर वस्तीवर, ओढ्याच्या कडंला, जिथं फोन लावायचा म्हटलं तरी माणूस बांधावर चढून उभा राहतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात आणि विकायला येणारी पोरं पण सारखंच बोलतात.

कार्ड कशाला, सरळ यूपीआय घे की, असं बरेच जण म्हणतात. घेतोच की. पण मोटर जळते ती नेमकी ऊस किंवा ज्वारीला पाणी द्यायच्या टायमाला आणि तेव्हा खात्यात पैसे नसतात. मग "कारखान्याचं बिल आलं की देतो" सुरू होतं, आणि कारखान्याचं बिल कधी येतंय ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ज्याच्याकडं क्रेडिट कार्ड आहे तो माणूस स्वाइप करून ईएमआय पाडून घेतो, आमची उधारी बँकेच्या गळ्यात. काही जणांकडं पीककर्जाच्या खात्याचं रुपे कार्ड असतंय, ते पण मशीनला चालतं. म्हणून मशीन पाहिजेच होतं.

आता मुद्दा. विकताना पोरगं म्हणालं, "सर ऑफलाइन पण चालतं, नेटवर्क आलं की आपोआप जातं." हे वाक्य तुम्हाला पण ऐकवतील, त्यामुळं नीट वाचा. असा प्रकार जगात आहे, खोटं नाही. बाहेरच्या देशात स्क्वेअरसारख्या कंपन्यांच्या मशीनला तशी सोय असते, कार्डाची माहिती मशीन साठवून ठेवतं, नंतर ठरलेल्या वेळेच्या आत रेंजमध्ये आणून पाठवायची, आणि तेव्हा बँकेनं नाही म्हटलं तर पैसे बुडाले ते दुकानदाराचे. तिथं धंदेवाला स्वतःच्या जबाबदारीवर घेतो. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं ३ जानेवारी २०२२ ला ऑफलाइन पेमेंटचे नियम काढले त्यात एका वेळी २०० रुपये आणि एकूण २,००० ची मर्यादा होती, पुढं २०२३ मध्ये २०० चे ५०० केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये यूपीआय लाइटला (यूपीआयमधलंच विनापिन किरकोळ पैसे द्यायचं पाकीट) एका वेळी १,००० आणि एकूण ५,००० केलं. हे सगळं चहा, भाजी, बसचं तिकीट असल्या किरकोळ गोष्टींसाठी आहे. मोटर खाली सोडायला तीन माणसं लागतात, त्यांचा सकाळचा नाष्टा पाचशेत बसला तर नशीब म्हणायचं. पाचशे फुटाच्या बोअरचं बिल त्यात कुठनं बसवू?

दुसरा घोळ टॅपचा. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० पर्यंत पिन न टाकता कार्ड नुसतं टेकवून पैसे जातात. आमच्या एका पोराला वाटलं पिन नाही म्हणजे नेट पण लागत नसेल. लागतं की बाबा! पिन विचारत नाही एवढंच, खात्यात पैसे आहेत का हे मशीन बँकेला विचारतंच आणि तिकडनं होकार आल्याशिवाय पावती निघत नाही. खरोखर विनानेट चालणारं कार्ड म्हणजे पुण्याच्या मेट्रोत टेकवतात तसलं, त्यात चिपमध्येच थोडे पैसे भरून ठेवलेले असतात, पण ते गेटवर वीस-तीस रुपये द्यायला.

म्हणजे आमच्या कामाच्या रकमेला ऑफलाइन स्वाइप ही गोष्ट इथं नाहीच. मशीन कुठलंही घ्या. हे कळल्यावर प्रश्न एवढाच राहतो की जिथं रेंज अर्धी-मुर्धी आहे तिथं हे मशीन किती साथ देतं.

अर्धी रेंज पूर्ण नसण्यापेक्षा वाईट, हे मला मंद्रूपच्या पुढं भीमेच्या अंगाला कळलं. तिकडं सगळं विचित्रच आहे, हत्तरसंग कुडलला मराठीतला हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, बघायला लोक लांबून येतात, आणि आसपासच्या रानात फोन मधेच कर्नाटकाचा टॉवर धरून बसतो. तिथं एका अण्णांच्या वस्तीवर मोटर सोडली, पाणी आलं, अण्णा खूश, कार्ड घातलं, पिन टाकला, मशीन "प्रोसेसिंग" म्हणून फिरत बसलं आणि मग "टाइमआउट". पावती नाही. अण्णांच्या फोनला रेंजच नाही त्यामुळं मेसेज पण नाही. परत स्वाइप करू का म्हणून विचारलं तर ते बोलले थांब, आधी बघू. बरं झालं थांबलो, कारण डांबरीवर आलो तसा त्यांचा फोन वाजला, पैसे कटलेले. "पैसे तर गेले की रे, तुझ्याकडं का येईनात?" आता काय सांगायचं. हेल्पलाइनला लावला तर पलीकडची बाई, "सर आप नेटवर्क एरिया में आकर ट्राय कीजिए." बाई, नेटवर्कात आलो म्हणूनच तर तुला फोन लागला!

यातला नियम माहीत असू द्या, गिऱ्हाइकाला सांगता येतो. कार्डातनं पैसे कटले आणि दुकानदाराच्या मशीनला होकार आला नाही तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत स्वतःहून परत करायचे, पाचच्या पुढं गेलं तर रोजचे १०० रुपये भरपाई ग्राहकाला. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. अण्णांचे मुदतीत आले आणि नंतर त्यांनी मला दिले पण, पण तोपर्यंत गावात "त्या मोटरवाल्याचं मशीन पैसे खातंय" झालं होतं. ती बदनामी कोण भरून देणार?

आता काय केलं की चालतं ते. मशीनमध्ये दोन सिम असली तरी एक गेलं की दुसरं आपोआप धरतं हे कागदावर, प्रत्यक्षात ते पहिल्यालाच चिकटून बसतं, हातानं बदला. दोन्ही सिम वेगळ्या कंपन्यांची पाहिजेत, एकाच कंपनीची देत असतील तर भांडा. आणि त्यातलं एक तरी असं ठेवा की जिचं २जी अजून चालू आहे, कारण कार्डाच्या व्यवहाराला लागणारा डेटा अगदी किरकोळ असतो, व्हिडिओ बघायचा नाहीये, २जीची एक काडी पुरते. माझी खरी तक्रार इथं आहे. हे नवीन मोठ्या स्क्रीनचं अँड्रॉइड मशीन म्हणजे फोनच आहे, रेंज जरा आली की आधी स्वतःचं काहीतरी अपडेट करायला घेतं, तेवढ्यात रेंज गेली. जुनं बटणांचं काळं डबडं दिसायला गबाळं होतं पण त्याला एकच काम माहीत होतं. तुम्हाला तसलं मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, आणि अँड्रॉइडच घ्यायचं असेल तर अपडेट फक्त वायफायवर करून द्या म्हणून बसवायला येणाऱ्याला आधीच सांगा.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आमच्या पोरानं काढली. मोटर उचलायची गाडी असते आमची, तिचा बूम, म्हणजे मोटर ओढायचा लांब दांडा, उभा केला की चांगला वर जातो. तिसऱ्या कंपनीचं सिम असलेला साधा फोन, हॉटस्पॉट चालू करून, कॅरीबॅगेत घालून बूमच्या टोकाला बांधतो आणि मशीन खाली वायफायवर. खाली शून्य दाखवणारी रेंज वर दोन काड्या होते. पहिल्यांदा बघून मीच म्हटलं काय बे हे, पण पावती निघाली. फक्त वरनं विजेची तार गेलीय का ते आधी बघा, पैशासाठी जीव नको. आणि ऑनलाइन मिळतात ते सिग्नल बूस्टर घेऊ नका, सरकारी परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे आणि त्यानं आजूबाजूच्यांची रेंज पण बिघडते.

पेमेंट लिंक पण करून बघितली. पोरगं पुण्यात हिंजवडीला, बाप इथं रानात, लिंक पोराला पाठवली की तो तिथनं भरतो, एकदम बेस्ट. पण कार्ड बापाचं असलं की ओटीपी बापाच्या फोनवर, आणि बापाचा फोन रेंजबाहेर. मग पोरगं पुण्यातनं विचारतंय ओटीपी आला का, आणि तो विचारतोय हे पण आपल्याला दिसत नाही. डेटा बंद पण कॉलची काडी आहे असं असेल तर *९९# लक्षात ठेवा, हा नंबर डायल करून विनानेट पैसे पाठवता येतात, साध्या फोनवर पण चालतं, पण एका वेळी ५,००० च जातात, म्हणून मी ते नुसत्या व्हिजिट चार्जला वापरतो.

खर्चाचं पटकन. रुपे डेबिटवर जानेवारी २०२० पासून कटिंग, म्हणजे स्वाइपमागं आपल्याकडनं कापतात ते, शून्य. बाकीच्या डेबिट कार्डांना वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, वर असेल तर ०.९०. क्रेडिटला मला साधारण २ टक्के पडतात, वर त्या कटिंगवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४० हजाराच्या बिलात ९४४ गेले. एवढ्यात उधारीची कटकट मिटते म्हणून मला परवडतं, ज्याचं मार्जिन बारीक आहे त्यानं हिशोब करावा.

सध्या माझी पद्धत अशी झालीय की मोटर काढायला जाताना गावातच, पारावर नाहीतर किराणा दुकानासमोर जिथं रेंज आहे तिथं, अंदाजाचं अर्धं बिल स्वाइप करून घेतो आणि राहिलेलं बूमवर. म्हातारी माणसं जरा नाराज होतात, काम नाही अन् आधी पैसे, पण भीमेकाठचा किस्सा सांगितला की देतात.

पाचपैकी तीन देतो, त्यातला एक बॅटरीचा. घेणार असाल तर भाड्याचं आधी बोलून घ्या, महिनाभर एक स्वाइप नाही झालं तरी भाडं कटतं. पाऊस चांगला झाला की आमचं काम बसतं, म्हणून मी ते महिने माफ करा म्हणून मागितलेत. पोरगं म्हणालं वरती विचारून सांगतो सर. अजून विचारतंयच.