टी ट्री तेल १५ मिली: तेल चांगलंय, लेबल थापाडं

तेलाला चार स्टार, लेबलला एक. सरासरी तुम्हीच काढा.

झालं असं की सासूबाईंच्या नडगीवर गळू आलं, डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, कल्चरला (जंतू वाढवून कोणता ते बघायला) पाठवला, आणि रिपोर्ट आला एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ जंतू. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर कल्चरच्या प्लेटाच बघते, पण घरच्या माणसाच्या रिपोर्टवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालणार नाही) दिसला की पोटात गोळा येतोच. क्लिंडामायसिनपुढे एस (म्हणजे औषध चालेल) होतं म्हणून त्या गोळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात नवरा ही बाटली घेऊन आला, ३४० रुपयांची. दुकानदार म्हणे, "गोळीबरोबर दोन थेंब पाण्यातून द्या, पॉवर डबल होते." लेबलवरही तेच छापलंय, अँटिबायोटिकची शक्ती वाढवते.

आता गंमत म्हणजे हे अगदीच हवेतलं नाहीये. टी ट्री, ओव्याचं तेल, लवंग, दालचिनी यांच्यातली द्रव्यं जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्याला भोकं पाडतात, मग औषध आत शिरतं, शिवाय काही द्रव्यं जंतूचे ते औषध बाहेर फेकणारे पंप पण अडवतात. लॅबमध्ये आम्ही एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने औषध असं चौकटी चौकटीत पातळ करत जातो, एकट्याने जेवढं लागतं त्याचा किती भाग जोडीत पुरतो ते दोघांचं काढतो, आणि त्याची बेरीज ०.५ किंवा खाली आली तर म्हणायचं की जोडी जमली. पण ते प्लेटमध्ये! तिथे तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून ट्वीन (तेल-पाणी एकजीव करणारं रसायन) घालावं लागतं, आणि तेवढं तेल रक्तात न्यायचं तर माणूसच आजारी पडेल, टी ट्री पोटात घेणं विषारीच आहे. बाटलीवर 'फक्त बाहेरून' असं बारीक अक्षरातसुद्धा नाही, याचा मला खरा राग आला.

माणसांवरचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये एक ट्रायल झाली, २००४ साली छापून आली, २२४ पेशंट, टी ट्रीचं क्रीम आणि बॉडी वॉश एकीकडे, नेहमीचं म्युपिरोसिन (नाकात लावायचं अँटिबायोटिक मलम) आणि क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक साबण) दुसरीकडे. एमआरएसए गेला तेलवाल्यांपैकी ४१ टक्क्यांचा आणि नेहमीच्या औषधवाल्यांपैकी ४९ टक्क्यांचा, म्हणजे तेल अगदीच फालतू नाही, पण नाकातला जंतू घालवण्यात म्युपिरोसिन बरंच पुढे. आणि तिथेही तेल गोळीबरोबर पाजलं नव्हतं हो कुणी.

तेलाबद्दल बोलायचं तर वास झणझणीत, कापरासारखा, भेसळीचा गोडसर वास नाही. पण टर्पिनेन-४-ऑल, म्हणजे या तेलातलं जंतू मारणारं मुख्य द्रव्य, किती ते लिहिलेलंच नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमात ते निदान ३५ टक्के लागतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, बॅच नंबर अर्धा पुसलेला. बाटली गडद काचेची आहे, हे बरं केलं, कारण उजेड-हवा लागून जुनं झालेलं हे तेल कातडीवर पुरळ उठवतं.

सासूबाईंना एक थेंबही दिला नाही, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, जखम भरली. त्यांनी मात्र सगळ्यांना तेलानेच बरं झालं म्हणून सांगून झालंय, बाटली उघडलेली बघितली होती ना!

आता ती लादी पुसायच्या पाण्यात संपवतेय. ड्रॉपरचं रबर महिनाभरात चिकट होऊन फुगलंय, त्यामुळे दोन थेंब म्हटलं की सहा पडतात.