आपोआप भरणाऱ्या कुंडाने झाकलेली गळती

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नाशिकच्या आमच्या घराच्या अंगणात सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असे कमळांचे कुंड करून घेतले. ठेकेदाराने 38,000 रुपये सांगितले आणि त्यात फायबरचे एकसंध भांडे, छोटे कारंजे व पाणी आपोआप भरणारा बॉल कॉक देण्याचे कबूल केले. ‘काकू, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसायचं,’ हे त्याचे वाक्य मला फार आवडले होते. 25,000 रुपये आगाऊ दिले. बिल काम संपल्यावर देतो म्हणाला. नेमके खड्ड्याचे काम चालू असताना आम्ही दोन दिवस गावी गेलो. परतलो तेव्हा काठावर नदीचे गोटे मांडलेले होते आणि कारंजे उडत होते, म्हणून उरलेले पैसेही लगेच देऊन टाकले.

पंधरा दिवसांत गच्चीवरची हजार लिटरची टाकी, जी पूर्वी दोन दिवस पुरत असे, रोज संध्याकाळी कोरडी पडू लागली. प्लंबरने घरातले सगळे नळ तपासले. कुंडाचा संशय कोणालाच आला नाही, कारण त्याची पातळी कधी बोटभरही उतरत नव्हती. उतरणारच कशी, बॉल कॉक टाकीतले पाणी सतत आत सोडत होता. अखेर प्लंबरने कॉक व कारंजे बंद करायला लावले, उन्हावाऱ्याने किती पाणी उडते ते कळावे म्हणून शेजारी एक भरलेली बादली ठेवली आणि दोन्हींवर खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिले, तर बादलीतले पाणी जेमतेम अर्धा सेंटिमीटर आणि कुंडातले नऊ इंच उतरले होते, म्हणजे सुमारे 500 लिटर पाणी जमिनीत मुरले होते.

गोटे काढल्यावर खाली फायबर नव्हतेच. पातळ ताडपत्री कोपऱ्यात घडी घालून पॅकिंगच्या चिकटपट्टीने चिकटवली होती, खाली वाळूचा थरही नव्हता आणि मुरुमाचा एक टोकदार खडा तिच्यातून वर आला होता. (कमळे म्हणून दिलेली रोपेही कुमुदिनीची निघाली. त्यांच्या पानांना काठापासून देठापर्यंत चीर होती, कमळाच्या पानाला अशी चीर नसते.)

ठेकेदार आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. परंतु पुरावा म्हणून माझ्याकडे केवळ यूपीआयच्या नोंदी आणि ताडपत्रीची छायाचित्रे आहेत. कुंड करून घेणाऱ्यांनी भांडे आपल्या डोळ्यांदेखत खड्ड्यात उतरवून घ्यावे आणि कॉक बंद ठेवून बादलीची ही परीक्षा झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.