आधार देणारे इनसोल आणि तोलाचे व्यायाम : एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गुडघेदुखीपेक्षा तोल जाण्याची भीती अधिक वाटू लागली, तेव्हा मी नागपूरच्या धंतोलीतील एका दुकानातून अठराशे रुपयांचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे आतले तळ, घेतले आणि त्याच सुमारास फिजिओथेरपिस्टने शिकवलेले तोलाचे व्यायामही सुरू केले. टाचेभोवतीची खोलगट कड आणि तळव्याच्या कमानीखालचा टणक आधार यांमुळे सिमेंट रस्त्याच्या कडेच्या उंचसखल गट्टूंवरही पाऊल स्थिर पडू लागले, आणि पैसे सार्थकी लागले असे मला वाटले.

उन्हाळ्याने ते समाधान टिकू दिले नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. व्हरांड्यातल्या बुटांमध्ये इनसोलचा गोंद सुटला, वरचे कापड बोटांपाशी गोळा होऊ लागले आणि टाचेची कड वाकली. पडू नये म्हणून घेतलेल्या वस्तूचेच कापड पायाखाली सरकत असेल, तर तो दोष किरकोळ म्हणता येत नाही; सत्तरीच्या माणसाचा तोल जायला तेवढी एक घडी पुरते. दुकानदाराने मात्र उन्हात ठेवलेल्या मालाला वॉरंटी नसते असे सांगून हात वर केले, आणि बरेच खेटे घातल्यावर दोनशे रुपये घेऊन नुसते कापड चिकटवून दिले. नागपुरात विकायच्या मालाला ऊन सोसत नसेल, तर ते पैसे घेण्यापूर्वीच सांगायला हवे.

इनसोल दुरुस्तीला असताना मी पातळ, टणक तळाच्या जुन्या बुटांनी फुटाळा तलावावर फिरत होते आणि तरीही तोल डगमगला नाही, त्यामुळे माझे मत व्यायामाकडे झुकले. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे लावून एका रेषेत चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, यांनी घोट्याला जे बळ येते ते पाय धुवायला अनवाणी गेले तरी सोबत असते. इनसोल मात्र बुटाबरोबर दाराशीच राहतो, आणि रात्री न्हाणीघरात जाताना त्याचा काहीच उपयोग नसतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. पाय दुखणाऱ्या ज्येष्ठांवरील २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ही घट ३६ टक्के होती, पण तिथे इनसोलबरोबर योग्य पादत्राणांचा सल्ला आणि घोट्याचे व्यायामही होते.

ज्यांना तळव्याच्या दुखण्यामुळे चालणेच नकोसे होते, त्यांनी इनसोल जरूर घ्यावा. मात्र जाड, मऊ फोमचा घेऊ नये, कारण त्यातून पायाखालच्या जमिनीचा अंदाज येत नाही. पावतीवर उष्णतेची अट लिहून घ्यावी आणि एप्रिलपासून बूट घरात, सावलीतच ठेवावेत.