बर्डीवरची पन्नासची लेन्स

2019 च्या पोळ्याआधी मी पहिला डीएसएलआर घेतला, निकॉनचा डी3500. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. तिचे फोटो काढायचे, एवढीच हौस. सोबतच्या 18-55 लेन्सवर भागलं असतं, पण चेहरा उठून दिसावा आणि मागची गर्दी धूसर व्हावी म्हणून 50 एमएम 1.8 पण घ्यायची ठरवली.

बर्डीवरचा, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतला, दुकानदार गोड बोलणारा. काउंटरवरच्या त्याच्या कॅमेऱ्याला लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं, ‘टर्र’ करून फोकस बसला. "पाहा भाऊ, मक्खन!" मी पैसे मोजले. त्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर डी7200 लिहिलेलं होतं. वाचलंही मी, पण डोक्यात काही पेटलं नाही.

घरी लावली तर स्क्रीनवर ‘एफईई’ (FEE) अशी चूक दाखवायला लागला. आई म्हणाली, "फी मागून राहिला का तो?" लेन्सवरची रिंग 22 वर नेऊन लॉक केली तेव्हा फी माफ झाली, पण फोकस काही हलेना. लेन्स ‘डी’ प्रकारची, जुन्या पद्धतीची निघाली. तिला स्वतःची मोटर नसते, बॉडीतली, म्हणजे कॅमेऱ्यातली, मोटर तिला फिरवते. ती डी7200 मध्ये आहे, डी3500 मध्ये नाही. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी बारीक खाच दिसते, तिच्यात बॉडीतला दांडा बसतो. माझ्या बॉडीला दांडाच नाही. मला हवी होती स्वतःची मोटर असलेली एएफ-एस 1.8 जी, आणि पैसे तिचेच घेतले होते.

दुसऱ्या दिवशी गेलो. "लेन्स चालू आहे न भाऊ? मग खराब काय?" पुन्हा त्याच डी7200 वर टर्र. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी: ‘50 एमएम 1.8, 1 नग’. ना जी, ना डी, ना सिरीयल नंबर. जीएसटी वाचतो म्हणून पक्कं बिल मीच नको म्हटलं होतं, हे लिहिताना अजून लाज वाटते.

तुम्ही घ्याल तेव्हा खोकं दुकानातच फोडा आणि लेन्स स्वतःच्याच बॉडीवर लावून बघा. बॅटरी चार्ज नाही म्हणाला तर चार्जिंगला लावून चहा पिऊन या. डी3000 किंवा डी5000 मालिकेतला जुना कॅमेरा घेत असाल तरी हेच, मोटर त्यांच्यातही नाही.

मारबतीच्या दिवशी नेहरू पुतळ्यापाशी हातानेच फोकस करत उभा होतो. काळी-पिवळीची गाठ पडली, रेटारेटी सुरू झाली. व्ह्यूफाइंडरमधला, फोकस बसल्याचं सांगणारा हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत समोरचा चेहरा निघून जायचा. बाजूची पोरं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मग मीही कॅमेरा खाली केला आणि त्या दुकानदाराचं नाव घालून ओरडलो.