हिकरीच्या निखाऱ्यांवरचे जेवण: लेक्झिंग्टनजवळचे एक बार्बेक्यू

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील लेक्झिंग्टनच्या आसपास बार्बेक्यूचे उपाहारगृह पारखायचे असेल, तर आत शिरण्याआधी इमारतीच्या मागे एक फेरी मारावी. तेथे हिकरी या झाडाच्या फोडलेल्या लाकडांचा ढीग असेल आणि विटांच्या धुराड्यातून धूर निघत असेल, तर आत जाण्यात अर्थ आहे; लाकडांवर कोळिष्टके धरली असतील, तर ती शोभेसाठी ठेवलेली आहेत आणि आत गॅसची किंवा विजेची भट्टी चालते, असे खुशाल समजावे. डेव्हिडसन काउंटीतील ज्या कौटुंबिक उपाहारगृहात आम्ही दुपारी जेवलो, ते या परीक्षेत उत्तीर्ण होते. तेथे जे निखाऱ्यांवर शिजते ते उत्तम आहे आणि बाकीचे बरेचसे बेताचे. मागवताना एवढे लक्षात ठेवले, तर निराशा होणार नाही.

बार्बेक्यू म्हणजे दाट, गोड, काळसर सॉस माखलेल्या फासळ्या, अशी कल्पना घेऊन येणाऱ्याची येथे थोडी पंचाईत होते. तसा सॉस मुख्यतः कॅन्सस सिटीचा. टेक्ससमध्ये गोमांसाच्या ब्रिस्केटला, म्हणजे छातीच्या मांसाला, मान आहे, मेम्फिसमध्ये डुकराच्या फासळ्यांना, आणि उत्तर कॅरोलायनातच पूर्वेकडे अख्खे डुक्कर भाजून त्यावर केवळ व्हिनेगर आणि मिरचीचे पाणी घालतात. लेक्झिंग्टनच्या पद्धतीत मात्र फक्त डुकराच्या खांद्याचे मांस वापरतात. या गावात १९१९ च्या सुमारास न्यायालयासमोर तंबू ठोकून, कोर्टाच्या कामासाठी आलेल्या लोकांना बार्बेक्यू विकण्यास सुरुवात झाली आणि त्यातून पुढे कायमची उपाहारगृहे उभी राहिली. सुमारे वीस हजार वस्तीच्या गावात आजही बार्बेक्यूची बरीच दुकाने चालतात, आणि १९८४ पासून दर ऑक्टोबरमध्ये त्याचा उत्सवही भरतो.

स्वयंपाकाची रीत समजून घेतल्याशिवाय ताटातल्या चवीचा उलगडा होत नाही. हिकरीची लाकडे प्रथम वेगळ्या चुलीत जाळून त्यांचे निखारे केले जातात, आणि ते निखारे फावड्याने जाळीवर ठेवलेल्या मांसाच्या बरोबर खाली थोडेथोडे पसरले जातात. ज्वाळेचा उग्र, कडवट धूर मांसापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतो तो निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीचा धूर, आणि या पद्धतीच्या चवीत मोठा वाटा त्याचाच असतो. डुकराचे मांस ६३ अंश सेल्सिअसला खाण्यास सुरक्षित होते, पण खांद्याचे मांस त्या तापमानाला चामड्यासारखे चिवट लागते. त्यातील कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारे प्रथिन, वितळून मांस सुटे व्हायला ते ९० अंशांच्या आसपास न्यावे लागते, आणि तेही इतक्या सावकाश, की दहा तास सहज लागावेत. एवढा वेळ कोणीतरी निखाऱ्यांवर लक्ष ठेवून बसावे लागते. अनेक जुन्या ठिकाणांनी भट्ट्या बदलल्या, याचे कारण लाकडाच्या खर्चाइतकेच हे जागरणही असावे.

येथील परिश्रमाचे चीज ट्रेमध्ये दिसते. ट्रे म्हणजे होडीच्या आकाराच्या कागदी भांड्यात एका बाजूला मांस, दुसऱ्या बाजूला कोबीचे स्लॉ, म्हणजे कोशिंबीर, आणि सोबत हशपपीज, म्हणजे मक्याच्या पिठाचे तळलेले लांबट गोळे, किंवा मऊ पाव. प्लेट मागवली तर फ्रेंच फ्राइज वाढतात. मांस बारीक कापलेले, जाडसर कापलेले किंवा चकत्यांचे असे तीन प्रकारे मिळते. आम्ही तिन्ही मागवून पाहिले आणि जाडसर कापलेल्यावर एकमत झाले. बारीक कापलेले मांस सँडविचमध्ये शोभते, पण नुसते खाताना त्याचा पोत हरवतो. चकत्या त्या दिवशी कडेने कोरड्या पडल्या होत्या. मागवताना ‘आउटसाइड ब्राउन’ जास्त घालण्यास आवर्जून सांगावे. बाहेरून भाजून गडद तपकिरी झालेला, किंचित कडक आणि धुराने भारलेला हा भाग आतल्या मऊ, रसाळ मांसात मिसळला, की प्रत्येक घासात दोन वेगळ्या गोष्टी दाताखाली येतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे घेतले, ते योग्यच वाटले. मांसाच्या कडेला गुलाबी छटा दिसली म्हणून ते कच्चे आहे असे मानू नये. धुरातील नायट्रिक ऑक्साइडचा मांसातील मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनाशी संयोग झाल्याने तो रंग टिकून राहतो.

सॉसला येथे ‘डिप’ म्हणतात. व्हिनेगर, पाणी, थोडे केचप, साखर, मीठ, मिरी आणि लाल मिरची यांचे ते पातळ मिश्रण असते. ते मांस झाकून टाकत नाही. मिसळीवर पिळलेल्या लिंबासारखे ते चरबीचा जडपणा कमी करते आणि पुढच्या घासाची इच्छा जागी ठेवते. आमच्या ट्रेमध्ये ते हात राखून घातलेले होते आणि जास्तीचे गरम डिप वेगळ्या वाटीत मागितल्याबरोबर मिळाले. पहिला घास मात्र डिपशिवाय घ्यावा, म्हणजे लाकडाची चव स्वतंत्रपणे कळते. स्लॉमध्येही मेयोनीज नाही. बारीक चिरलेला कोबी याच डिपमध्ये मुरवतात, त्यामुळे तो लालसर, आंबट आणि करकरीत लागतो. सँडविचमध्ये तो मांसावरच घालतात आणि तसाच खावा. पांढऱ्या स्लॉची सवय असलेल्यांना तो प्रथम फार आंबट वाटेल, पण माझ्या मते या मांसाला दुसरे स्लॉ चालणारच नाही.

हशपपीज गरम असेपर्यंत छान होते. थंड झाल्यावर जड झाले. फ्राइज गोठवलेल्या पाकिटातल्या वाटल्या आणि कोमटच आल्या, तेव्हा प्लेटऐवजी ट्रे घेणे शहाणपणाचे. पीच कॉब्लर या भाजलेल्या गोड पदार्थातील फळ डब्यातले होते आणि साखर हवी त्याहून अधिक. गोड चहाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत तो असाच असतो. गरम चहातच भरपूर साखर विरघळवून नंतर तो बर्फावर ओततात. अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा असे सांगितले, तर कोणी भुवया उंचावत नाही. जवळच्याच सॉल्झबरी गावात १९१७ पासून तयार होणारे चेरीच्या चवीचे चीअरवाइन हे पेयही मिळते, आणि आंबट डिपसोबत ते चहापेक्षा अधिक जुळते.

शाकाहारी मंडळींना सोबत नेण्याचा बेत असेल, तर स्पष्ट सांगायला हवे, की हे ठिकाण त्यांच्यासाठी नाही. बीन्समध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हशपपीजच्या तळणीत आणखी काय तळले जाते याची खात्री कोणी देत नाही, आणि मग उरतात ते ग्रिल्ड चीज सँडविच, फ्राइज आणि स्लॉ. डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी निखाऱ्यांवरची कोंबडी असते, पण ती आठवड्याच्या मोजक्याच दिवशी. आधी फोन करून विचारलेले बरे.

सेवा झटपट आहे. वेट्रेस वयाचा विचार न करता सर्वांना ‘हनी’ म्हणतात आणि चहाचा पेला रिकामा राहू देत नाहीत. गाडीत बसूनही मागवता येते; ठरलेल्या जागी गाडी लावली, की कर्मचारी खिडकीशी येऊन ऑर्डर घेतात. ट्रेला साधारण अकरा डॉलर आणि सँडविचला सहा डॉलर पडले, त्यावर कर आणि टिप वेगळी. या दरात कोणीतरी रात्रभर जागून शिजवलेले अन्न मिळते, हे पाहता किंमत कमीच म्हणावी लागेल. साडेअकराच्या सुमारास पोहोचणे सर्वांत चांगले, कारण तेव्हा मांस नुकतेच कापलेले असते. एकनंतर रांग वाढते आणि आउटसाइड ब्राउन संपण्याची शक्यता असते. रविवारी ते बंद असते.

घरी नेण्यासाठी मांस पौंडावर मिळते. ते न कापता मोठ्या तुकड्यात मागावे, डिप वेगळ्या बाटलीत घ्यावे, आणि खाण्याच्या वेळी थोडे डिप शिंपडून, झाकण लावून, मंद ओव्हनमध्ये गरम करावे; मायक्रोवेव्हमध्ये बाहेरचा कडक भाग रबरासारखा होतो.