खाऱ्या वाऱ्यातली खांबांवरची शेड : वर्कशॉप आणि गाडी ठेवण्यासाठी, पूर्ण पावसाळा वापरल्यानंतर

रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून एक किलोमीटरच्या आत, २० बाय ३० फुटांची शेड. आठ लोखंडी खांब, चार कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), वर रंगीत पत्रा, खाली तीन फूट चिऱ्याची भिंत आणि त्याच्या वर पत्र्याचीच भिंत. ३० फुटांच्या बाजूला दहा-दहा फुटांचे तीन गाळे. पहिल्या गाळ्यात गाडी, उरलेल्या २० बाय २० मध्ये सुतारकाम आणि वेल्डिंगचं वर्कशॉप. सगळं वजन खांबांवर आहे. भिंती नुसत्या झड अडवतात, त्यामुळे पुढेमागे एखादी बाजू उघडायची झाली तर छताला हात लावावा लागत नाही.

आता पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा काढल्यावर मत पक्कं झालं आहे. कोकणात अशी शेड टिकते की नाही ते पाइपाच्या जाडीवर ठरत नाही. ते जोडांवर ठरतं: पाया आणि खांब, खांब आणि कैची, पर्लिन (कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर पत्रा बसतो) आणि पत्रा. कोटेशन मात्र सगळीकडे किलोवर मिळतं, त्यामुळे घासाघीस लोखंडाच्या वजनावर होते आणि बोल्ट-स्क्रूकडे कोणी बघत नाही.

आधी वाऱ्याचा हिशेब. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर धरलेला आहे. आपली किनारपट्टी या दोहोंच्या मधली, तेव्हा ४४ धरणं सुरक्षित. ४४ चा वर्ग करून ०.६ ने गुणलं की चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन दाब येतो, म्हणजे ११८ किलो. कैची, पर्लिन, पत्रा सगळं मिळून छताचं वजन मात्र चौरस मीटरला १५-२० किलोच असतं. शटर उघडं असताना वारा आत शिरून खालून ढकलतो, वरून जाणारा वारा ओढतो, आणि छत छत्रीसारखं उलटायला बघतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती पत्रे उडाले ते इथे कोणाला सांगायला नको. त्यामुळे पाया वजन पेलण्यासाठी लागतो त्यापेक्षा जास्त छत खाली धरून ठेवण्यासाठी लागतो.

मधल्या खांबाच्या वाट्याला दोन फुटांची वळचण धरून १० बाय १२ फूट छत येतं, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. छताचं स्वतःचं वजन वजा केलं तरी साधारण ११०० किलोची उचल राहते. अडीच बाय अडीच फूट आणि तीन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा भरतो सव्वा टन. म्हणून आठही खड्डे या मापाचे घेतले. टोकाच्या खांबांना थोडं कमी चाललं असतं, पण खड्डे वेगवेगळ्या मापांचे काढले की जागेवर गोंधळ होतो. एम २० दर्जाचं काँक्रीट, घनमीटरला आठ पोती या हिशेबाने खड्ड्यांतच ३४ पोती सिमेंट गेलं. कातळ लागला तर ब्रेकरशिवाय काम होत नाही, पण कातळात खड्ड्याच्या बाजू खडबडीत राहतात आणि काँक्रीट घट्ट धरतं. भराव टाकलेली जमीन असेल तर खड्डा मूळ जमिनीत उतरलाच पाहिजे. हे आकडे अंदाज बांधायला आहेत. जागा उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा करून घ्यावाच.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडायचा की बेस प्लेटवर उभा करायचा, यावर बरीच चर्चा होते. गाडलेला खांब स्वस्त आणि ताठ असतो, पण लोखंड जिथे काँक्रीटमधून बाहेर येतं त्याच रेषेत ओल आणि मीठ साचतं. पाच-सात वर्षांनी खांब नेमका तिथेच खातो, आणि तिथलाच भाग बदलता येत नाही. लाकडी खांबांचा विचार इथे करूच नये. बाहेरच्या देशांत दाब देऊन औषध भरलेलं लाकूड जमिनीत गाडतात, तसं इथे सहज मिळत नाही, आणि साधा ऐन किंवा किंजळ ओल्या मातीत वाळवीच्या तोंडी जातो. म्हणून पायातून १४ बाय १४ इंचांचा काँक्रीटचा खुंट फरशीच्या वर नऊ इंच आणला. त्यात १२ मिमीच्या चार सळ्या आणि दर सहा इंचाला ८ मिमीची रिंग. त्यावर २५० बाय २५० बाय १२ मिमीची प्लेट, १६ मिमीचे चार जे-बोल्ट (खालचं टोक वळवलेले), ४५० मिमी लांब. बोल्ट सैल हाताने काँक्रीटमध्ये खुपसू नयेत. प्लायवूडच्या साच्यात चारही बोल्ट घट्ट करून, दोरी आणि ओळंबा लावून मगच ओतावं. एक बोल्ट अर्धा इंच सरकला की फॅब्रिकेटर प्लेटचं भोक गॅसने मोठं करतो आणि तिथेच पकड जाते. प्लेटच्या खाली नट ठेवून लेव्हल करायची आणि मधली फट नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची. साध्या सिमेंटचा माल आक्रसतो, फट राहते आणि त्यात पाणी थांबतं.

खांब १०० बाय १०० मिमी, ४ मिमी जाडीचे चौकोनी पाइप आहेत, मीटरला साधारण पावणेबारा किलो. पर्लिन ८० बाय ४० मिमी, जास्तीत जास्त सव्वातीन फुटांवर, प्रत्येक बाजूला पाच ओळी. एकूण लोखंड दीड टनाच्या आत बसतं. खांब आणि कैच्या हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घेतल्या. तालुक्याच्या गावी तशी टाकी नसते, माल बाहेर पाठवावा लागतो, वाहतुकीचा खर्च वेगळा. तरीही हा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो. फॅब्रिकेटरला एक गोष्ट आधीच बजावावी: बंद पाइपाला दोन्ही टोकांना भोकं हवीत. नसतील तर वितळलेल्या जस्तात बुडवताना आतली हवा आणि ओल तापून पाइप फुटू शकतो. आणि गॅल्व्हनाइझ झाल्यावर जागेवर वेल्डिंग नाही, सगळे जोड बोल्टचे. वेल्डिंगने जस्त जळतं, त्या जागी वरून कितीही सिल्व्हर पेंट मारला तरी पहिल्याच पावसात तांबूस ओघळ दिसतो. नाइलाज झालाच तर घासून झिंक-रिच प्राइमरचे दोन हात द्यावेत. असं वेल्डिंग करताना निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नये, त्याने ताप भरतो.

शटरच्या गाळ्यात फुलीचा आधार देता येत नाही. म्हणून मागच्या भिंतीच्या एका गाळ्यात, दोन्ही टोकांच्या भिंतींत आणि छताच्या पातळीत १२ मिमीच्या सळईची फुली, टर्नबकलसह (सळई ताणून घट्ट करायचा फिरता जोड). खांब आणि कैचीच्या कोपऱ्यात तिरपे आधार. टर्नबकल एकदा पावसाआधी आणि एकदा पावसानंतर बोटाने हलवून बघावेत. सैल सळई वाऱ्यात वाजते, तेवढ्यावरूनही कळतं.

पत्रा अॅल्युमिनियम-झिंकचा लेप असलेला, रंगीत, ०.५ मिमी. या लेपात ५५ टक्के अॅल्युमिनियम, साधारण ४३ टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. दुकानात लेपाचं वजन विचारावं, चौरस मीटरला १५० ग्रॅमपेक्षा कमी घेऊ नये, आणि ०.५ मिमी ही जाडी रंगासकट सांगितली आहे की नुसत्या पोलादाची, तेही विचारावं. तेरा फुटी २२ पत्रे लागले. उतार दहाला चार, म्हणजे जवळजवळ २२ अंश. याहून चपटं छत केलं तर झडीचं पाणी जोडातून उलटं चढतं.

इथे तीन गोष्टी बिघडतात, तिन्ही बांधणीच्या दिवसातच. एक, ग्राइंडरने पत्रा कापणं. ठिणग्या रंगात रुततात, कडेचा लेप जळतो, महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके उठतात. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापावा, आणि ड्रिलचा कीस संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढावा. दोन, ओलं सिमेंट. चिऱ्याच्या भिंतीचा माल पत्र्याला लागला की अॅल्युमिनियमचा लेप खाल्ला जातो. भिंतीचा पत्रा चिऱ्यावर टेकवू नये, दोन इंच पुढे घेऊन खाली लोंबता ठेवावा. तीन, स्क्रू. ५.५ बाय ५५ मिमी, उंचवट्यावर, ईपीडीएम रबराच्या वॉशरसकट. पाचही उंचवट्यांना, पाचही पर्लिनवर. एकूण साधारण ५५०. एकाआड एक उंचवटा सोडायची पद्धत आहे, पण पत्रा उडायला सुरुवात कोपऱ्यातून आणि वळचणीच्या कडेतून होते, आणि स्क्रूचा खर्च पत्र्याच्या मानाने अगदी किरकोळ. वॉशर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर किंचित दिसेल इतकाच घट्ट. फुगून बाहेर आला तर तो उन्हात दोन वर्षांत चिरतो.

आता वापरातलं निरीक्षण. सगळ्यात जास्त गंज कुठे? पावसात भिजणाऱ्या छतावर नाही. वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही. छतावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीच्या आतल्या बाजूला, पर्लिनच्या खालच्या ओठावर, शटरच्या वरच्या पेटीत ते बसून राहतं आणि रात्रीच्या दमट हवेत ओलं होत राहतं. नोव्हेंबरात तिथे बोट फिरवलं तर पांढरट पूड हाताला लागते, आणि स्क्रूच्या टोकांना, जिथे ते पर्लिनमधून आरपार येतात, तपकिरी कडं दिसतं. उपाय साधा आहे. दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये वळचण आतून गोड्या पाण्याने पाइप लावून धुवावी. स्क्रूच्या टोकांवर वाळल्यावर झिंक-रिच प्राइमरचा ठिपका. बोल्ट गॅल्व्हनाइझ किंवा स्टेनलेस ३१६ चे. नुसते चकचकीत दिसणारे इलेक्ट्रोप्लेटेड बोल्ट पहिल्या पावसाळ्यातच लाल होतात.

जमिनीबद्दल. जोतं आजूबाजूच्या अंगणापेक्षा दीड फूट वर. आत चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस. वाळवीचं औषध डब्यावरच्या प्रमाणात मिसळून चौरस मीटरला पाच लिटर, पण विहीर जवळ असेल तर आधी जाणकाराला विचारावं, कातळातल्या भेगांतून ते पाण्यात उतरतं. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि पाच इंच काँक्रीट. ६०० चौरस फुटांना साधारण ५७ पोती सिमेंट, एक ब्रासच्या (१०० घनफूट) किंचित वर क्रश सँड आणि दोन ब्रासच्या वर खडी लागते. समुद्राची वाळू कोणी स्वस्तात देऊ केली तरी नको, त्यातलं मीठ आतल्या सळईला खातं. गाडीच्या गाळ्यात ८ मिमीची जाळी आणि शटरकडे शंभराला एक उतार, कारण पावसातून आलेली गाडी बरंच पाणी आणते. ते पाणी वर्कशॉपकडे येऊ नये म्हणून मध्ये दोन इंचांचा उंबरा. कागद घातल्यामुळे फरशीला ओल आलेली नाही. शेजारच्या जुन्या पडवीत, जिथे कागद नाही, जुलैत कोबा काळा पडतो.

पाण्याची पन्हळ दोन्ही बाजूंना हवीच. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या वर, वळचणीसकट छत ७६ चौरस मीटर, म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख लिटरहून जास्त पाणी. पन्हळ नसेल तर पागोळ्या जोत्याच्या कडेला चर पाडतात, आणि शटर याच बाजूला असल्याने गाडी बाहेर काढताना धबधब्याखालून काढावी लागते. एका बाजूला ११० मिमीचा एकच पाइप हिशेबाने पुरतो, तरी दोन लावावेत. आंब्याचं एक पान पाइपाच्या तोंडावर आडवं बसलं की हिशेब संपतो.

आतला दमटपणा हा या बांधणीचा खरा दोष आहे. पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडतात, थेट यंत्रांवर. पत्र्याखाली १० मिमी एक्सएलपीई (प्लास्टिकचा) फोम, एका बाजूला फॉइल, तारेच्या जाळीवर पसरून घेतल्याने थेंब थांबले आणि मे महिन्यातली भट्टीही बरीच कमी झाली. हे काम पत्रा चढवण्याआधीच करावं, नंतर खालून चिकटवलेला फोम सुटतो. पावसाचा आवाज मात्र कमी झालेला नाही. मुसळधार सर आली की आत बोलणं बंद. हवा खेळण्यासाठी कोनावर उघडी फट आणि चिऱ्याच्या भिंतीत खाली जाळ्या ठेवल्या आहेत. फिरते टर्बो पंखे घेतले नाहीत, वादळात तेच आधी सुटतात. बिडाच्या टेबलावर पेस्ट वॅक्स, पटाशी-रंध्यांवर मशीन ऑइल. खोबरेल नको, त्याचा चिकट थर बसतो. हत्यारांच्या कपाटात जुना पिवळा ४० वॅटचा दिवा जून ते सप्टेंबर चालू. एलईडीने हे काम होत नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते.

विजेचं थोडक्यात: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या दाबापासून बचाव) आणि शेडचं स्वतंत्र अर्थिंग. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून मीटरने मोजून घ्यावं, इलेक्ट्रिशियनच्या तोंडी भरवशावर राहू नये. परवानगी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागू होतात, ते आधी तपासा.

रोलिंग शटर पुन्हा बांधायचं झालं तर घेऊ नये असं मत आहे. बाजूच्या खोबणीत खालच्या फुटभर भागात मीठ, वाळू आणि पाणी एकत्र बसतं, आणि महिन्याआड साफ केली नाही तर शटर अडकायला लागतं. वरून टांगलेलं सरकतं दार जास्त बरं. त्याचा रूळ वळचणीखाली कोरडा राहतो आणि चाकं शिडी लावून बदलता येतात. फक्त दाराच्या खालच्या कडेला फरशीत मार्गदर्शक खुंटी आणि बंद असताना अडकवायला दोन्ही टोकांना खिटी हवी, नाहीतर वारा दार बाहेरून उचलतो.